चौथीच्या पुढची वाट : कर्मवीर भाऊराव पाटील

सोलापूर जिल्ह्यातील एखाद्या वाडीवर उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी चौथीचा निकाल लागतो. मूल उत्तीर्ण झाल्याचा आनंद घरात असतो. परंतु त्याच संध्याकाळी आईवडिलांच्या मनात एक काळजीही उभी राहते. वाडीवरील शाळा येथेच संपते. पाचवीचा वर्ग पलीकडच्या गावात आहे. मध्ये ओढा आहे, रस्ता कच्चा आहे, एस.टी.च्या वेळा शाळेशी जुळत नाहीत. ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला की आईवडील कोयता घेऊन गाव सोडणार. मग मुलाने राहावे कोणाकडे? आणि ते मूल मुलगी असेल, तर अनेकदा हा प्रश्न विचारण्याआधीच त्याचे उत्तर ठरून गेलेले असते.

हा प्रश्न आजचा वाटला, तरी तो जुना आहे. शंभर वर्षांपूर्वी, म्हणजे खेड्यात शाळा असणे हीच अपूर्वाईची गोष्ट होती त्या काळात, एका माणसाने या प्रश्नाला आपले सारे आयुष्य वाहिले. त्यांचे नाव कर्मवीर भाऊराव पाटील. रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक म्हणून त्यांचे नाव आपल्याला परिचित असते; शाळेच्या भिंतीवरील त्यांचे दाढीधारी छायाचित्रही आपण पाहिलेले असते. त्या छायाचित्रामागे दडलेली जीवनकथा मात्र पुन्हा एकदा समजून घेण्यासारखी आहे.

बालपण आणि जडणघडण

भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी एका जैन शेतकरी कुटुंबात झाला. त्यांचे मूळ गाव आजच्या सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुक. वडील महसूल खात्यात नोकरीस होते. त्यांच्या बदल्यांमुळे भाऊरावांचे काही शिक्षण विटा येथे झाले. अंगाने धिप्पाड, कुस्तीची आवड आणि अन्याय दिसला की स्वस्थ न बसणारा स्वभाव, असा हा मुलगा होता. अस्पृश्य मानलेल्या स्त्रियांना विहिरीवर पाणी भरू देत नाहीत हे पाहून त्याने संतापाच्या भरात विहिरीवरील रहाटच मोडून टाकला, ही त्यांच्या बालपणीची आठवण आजही सांगितली जाते.

पुढील शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरला राजाराम हायस्कूलमध्ये दाखल झाले व जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. ते कोल्हापूर राजर्षी शाहू महाराजांचे होते. १९०१ पासून महाराजांच्या प्रोत्साहनाने तेथे निरनिराळ्या समाजांतील विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी राहत होती. खेड्यातील मुलाला शहरातील शाळा खुली करून भागत नाही, तर त्याला राहायला जागा आणि दोन वेळचे जेवण मिळाले पाहिजे, ही गोष्ट महाराजांनी ओळखली होती. भाऊरावांनी ती जवळून पाहिली.

त्याच कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृहाचा समारंभ झाला. भाऊराव त्या समारंभास हजर राहिले. परत आल्यावर स्नान करून शुद्ध होण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यामुळे त्यांना जैन बोर्डिंग सोडावे लागले. शालेय शिक्षणात त्यांना फारसे यश लाभले नाही. मॅट्रिकची पायरीही त्यांनी ओलांडली नाही. ज्याला स्वतःला ही पायरी गाठता आली नाही, त्याने पुढे इतरांसाठी शंभराहून अधिक हायस्कुले उभी केली.

कोल्हापुरातील आणखी एक प्रसंग त्यांच्या स्वभावावर प्रकाश टाकतो. १९१४ साली तेथील राजपुतळ्यांना डांबर फासल्याचे प्रकरण घडले. या प्रकरणात अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी, असा दबाव भाऊरावांवर आणण्यात आला. ज्या बोर्डिंगमधून भाऊरावांना बाहेर पडावे लागले होते, तेथील व्यवस्था त्या वेळी लठ्ठे यांच्याकडेच होती. जुना राग काढण्याची संधी समोर चालून आली होती. परंतु खोटी साक्ष देण्यास भाऊरावांनी ठाम नकार दिला. त्यासाठी त्यांनी तुरुंगवास व छळ सोसला. त्या यातनांत जीव देण्याचाही प्रयत्न त्यांनी केला. खोट्यापुढे मात्र ते वाकले नाहीत.

नांगर विकणारा फिरस्ता

उदरनिर्वाहासाठी भाऊरावांनी साताऱ्यात शिकवण्या घेतल्या. लोक त्यांना पाटील मास्तर म्हणू लागले. त्यानंतर किर्लोस्करांच्या कारखान्यात तयार होणाऱ्या लोखंडी नांगरांचे ते विक्रेते झाले. नांगर विकायचा तर शेतकऱ्याच्या बांधावर जावे लागते. या निमित्ताने ते गावोगाव हिंडले, शेतकऱ्यांच्या ओसरीवर बसले, त्यांच्या भाकरीचे वाटेकरी झाले. सावकाराच्या वहीवर अंगठा उठवणारा शेतकरी त्यांनी पाहिला. त्या वहीत काय लिहिले आहे हे त्याला वाचता येत नव्हते. नवा नांगर जमीन सुधारील, पण ज्याच्या हाती तो नांगर द्यायचा त्याची पिढ्यान्‌पिढ्यांची अवस्था कशी सुधारावी, हा विचार त्यांच्या मनात घर करू लागला.

त्या काळातील शिक्षणाची रचना येथे ध्यानात घेतली पाहिजे. पुष्कळ गावांत शाळाच नव्हती. असली तर ती बहुधा खालच्या इयत्तांपुरती. मराठी सातवीपर्यंतचे वर्ग मोठ्या गावी असत आणि सातवीच्या अखेरीस व्हर्नाक्युलर फायनल ही परीक्षा होत असे. ती परीक्षा उत्तीर्ण झालेल्या शेतकऱ्याच्या मुलाला प्राथमिक शिक्षकाची किंवा तलाठ्याची नोकरी मिळू शकत असे. इंग्रजी शिक्षण घ्यायचे तर तालुक्याचे किंवा जिल्ह्याचे ठिकाण गाठावे लागे. म्हणजे चौथी ते सातवी या अवघ्या तीन इयत्तांच्या अंतरावर एका कुटुंबाचे भवितव्य अवलंबून असे. हे अंतर मैलांचे होते, पैशांचे होते आणि जातीचेही होते. शहरात नातेवाईक नसलेल्या मुलाला कोण ठेवून घेणार? आणि अस्पृश्य मुलाला तर वर्गाबाहेर बसूनच धडे ऐकावे लागत.

अशाच एका वर्गाबाहेर बसलेल्या मुलाला भाऊरावांनी आपल्याबरोबर नेले व त्याच्या शिक्षणाची सोय केली, असे सांगतात. तो मुलगा म्हणजे ज्ञानदेव घोलप. पुढे ते मूकनायक या पत्राचे संपादक झाले आणि मुंबई कायदे मंडळाचे सभासदही झाले.

रयत शिक्षण संस्थेची स्थापना

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे खेड्यातील मुलांच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी मांडली होती. भाऊराव हे फुले यांच्या सत्यशोधक विचारांचे अनुयायी होते. सहकाऱ्यांसमवेत त्यांनी प्रथम दुधगाव येथे विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह चालविण्याच्या कामात भाग घेतला. त्यानंतर ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या मुहूर्तावर, कराड तालुक्यातील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. संस्थेच्या नावातच तिचा हेतू होता. रयत म्हणजे कष्टकरी सामान्य प्रजा. संस्थेचे बोधचिन्ह म्हणून त्यांनी वटवृक्ष निवडला. पारंब्या जमिनीला टेकल्या की त्यांचेच नवे खोड होते आणि झाड पसरत जाते.

१९२४ साली संस्थेचे कार्य सातारा येथे स्थिरावले आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू झाले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, धनगर अशी मुले तेथे एकाच छपराखाली राहत, एकत्र स्वयंपाक करीत व एका पंक्तीत जेवत. आज यात आपल्याला नवल वाटणार नाही. परंतु विहिरीवरील पाणीही वेगळे ठेवणाऱ्या त्या काळात ही पंगत म्हणजे एक मोठे धाडस होते.

या वसतिगृहाचा खर्च कसा चालत असे? सुगीच्या दिवसांत भाऊराव गावोगाव जाऊन शेतकऱ्यांकडून धान्य मागून आणीत. घरोघरी दळणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवले जाई. आपल्या गावची मुले तेथे शिकत आहेत हे गावकऱ्यांना ठाऊक असल्यामुळे ती मूठ भिक्षेची न वाटता हक्काची वाटे. उरलेला भार मुले स्वतः उचलीत. शेतात राबणे, विहीर खणणे, खडी फोडणे, इमारतीसाठी दगडमाती वाहणे ही कामे त्यांच्या दिनक्रमाचा भाग होती. कमवा आणि शिका या नावाने ही पद्धत पुढे सर्वपरिचित झाली. गरिबाच्या मुलाला कोणाच्या उपकाराखाली मान खाली घालावी लागू नये, ही काळजी त्यामागे होती.

लक्ष्मीबाईंचा त्याग

या कथेत लक्ष्मीबाई पाटील यांचे स्थान भाऊरावांच्या बरोबरीचे आहे. त्या संपन्न घरातून आलेल्या, जुन्या धार्मिक संस्कारांत वाढलेल्या. सोवळेओवळे पाळणाऱ्या या गृहिणीच्या घरात पतीने एके दिवशी निरनिराळ्या जातींची मुले आणून ठेवली. त्यांच्या मनाची किती ओढाताण झाली असेल, याची आपण कल्पना करू शकतो. परंतु हळूहळू त्या सर्व मुलांच्या आई झाल्या. त्यांना जेवू घालणे, आजारपणात उशाशी बसणे, त्यांची भांडणे मिटविणे हे सारे त्यांनी आपलेसे केले.

वसतिगृहासाठी त्यांचे दागिने एकेक करून गेले. एकदा भाऊराव परगावी असताना कोठीतील धान्य संपले. मुले उपाशी राहणार हे पाहून लक्ष्मीबाईंनी गळ्यातील मंगळसूत्र विकून धान्य आणविले. सौभाग्याचे लेणे म्हणून स्त्री ज्याला प्राणापलीकडे जपते, ते त्यांनी परक्यांच्या मुलांच्या भाकरीसाठी उतरविले. १९३० साली, संस्थेच्या वृक्षाला अद्याप बहर यायचा असतानाच, लक्ष्मीबाईंचे निधन झाले. ज्या शेकडो शाळांचा पाया त्यांच्या सोन्यावर घातला गेला, त्या पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. समाजकार्य करणाऱ्याच्या घरातील माणसे किती किंमत मोजतात, हे आपण सहसा विचारातही घेत नाही. भाऊरावांचे चरित्र वाचताना हा हिशोब डोळ्याआड करता येत नाही.

शिक्षक घडला, तर शाळा उभी राहते

वसतिगृहात येणाऱ्या मुलांची संख्या वाढली, तरी प्रत्येक मुलाला शहरात आणणे शक्य नव्हते. शाळाच खेड्यात नेली पाहिजे, हे भाऊरावांनी जाणले. पण शाळेला शिक्षक हवा, आणि दुर्गम खेड्यात राहण्यास शहरातील शिक्षक तयार होत नसे. म्हणून १९३५ साली त्यांनी साताऱ्यात ग्रामीण शिक्षकांसाठी सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज सुरू केले. वसतिगृहात राहून शिकलेला शेतकऱ्याचा मुलगा येथे शिक्षक होऊन बाहेर पडू लागला. खेड्यात राहणे त्याला शिक्षा वाटत नव्हती, कारण तो खेड्यातूनच आला होता.

१९३८ पासून या शिक्षकांच्या बळावर संस्थेने डोंगरकपारीतील व आडवळणाच्या गावांत व्हॉलंटरी शाळा उघडण्यास आरंभ केला. देवळाच्या ओवरीत, चावडीत, एखाद्याच्या गोठ्यात, झाडाखाली, जेथे जागा मिळाली तेथे या शाळा भरल्या. पाहता पाहता त्यांची संख्या पाचशेच्या पुढे गेली. १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल हे संस्थेचे पहिले माध्यमिक विद्यालय सुरू झाले. ते विनाशुल्क होते व मुलांच्या राहण्याची सोयही तेथे होती. १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. एका धनिकाने कॉलेजला आपल्या घरातील नाव दिल्यास मोठी देणगी देऊ केली होती, पण शिवाजी महाराजांचे नाव बदलण्यास भाऊरावांनी नकार दिला, असे सांगतात. १९५४ साली कराडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज उभे राहिले.

या क्रमाकडे थोडे बारकाईने पाहावे. प्रथम वसतिगृह, मग शिक्षकाचे प्रशिक्षण, मग गावातील शाळा, मग हायस्कूल आणि शेवटी महाविद्यालय. मुलाची वाट जेथे तुटत होती, तेथे त्यांनी एकेक पायरी बांधली.

ही वाटचाल सोपी नव्हती. महात्मा गांधींच्या निधनानंतर भाऊरावांनी त्यांच्या स्मरणार्थ एकशे एक हायस्कुले काढण्याचा संकल्प सोडला. त्याच सुमारास संस्थेचे सरकारी अनुदान काही काळ बंद झाले. शिक्षकांचे पगार थकले, वसतिगृहांवर उपासमारीची वेळ आली. त्या कठीण दिवसांत गाडगे महाराज त्यांच्या पाठीशी उभे राहिले, जनतेने धान्य व पैसा दिला आणि पुढे अनुदान पुन्हा सुरू झाले. संकल्प अपुरा राहिला नाही.

१९५९ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने, मॅट्रिकही न झालेल्या या माणसाला, डी.लिट. ही सन्माननीय पदवी दिली. ९ मे १९५९ रोजी पुणे येथील ससून रुग्णालयात त्यांची प्राणज्योत मालवली.

सोलापूर आणि ही परंपरा

सातारा जिल्ह्यातील ही चळवळ आणि आपला सोलापूर जिल्हा यांचे नाते केवळ शेजारपणाचे नाही. त्याच दशकात सोलापूर शहरातही वसतिगृहाचा हाच मार्ग अवलंबिला गेला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२४ साली मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. या सभेने जानेवारी १९२५ मध्ये सोलापूर येथे अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. खेड्यातून आलेल्या मुलाला आधी आसरा हवा, हे सत्य साताऱ्यात भाऊरावांना आणि मुंबईत बाबासाहेबांना जवळजवळ एकाच वेळी उमगले होते.

पंढरपूर येथे गाडगे महाराजांनी लोकवर्गणीतून चोखामेळा धर्मशाळा बांधली होती. वारीला येणाऱ्या अस्पृश्य भाविकांना तेथे निवारा मिळे. १९४९ साली त्यांनी ही वास्तू विद्यार्थी वसतिगृहासाठी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपविली. स्वतः शाळेत न गेलेल्या या संताला विद्येचे मोल पुरते ठाऊक होते. बार्शी येथे कर्मवीर मामासाहेब जगदाळे यांनी श्री शिवाजी शिक्षण प्रसारक मंडळाच्या द्वारे आपल्या परिसरातील शेतकऱ्यांच्या मुलांसाठी हेच कार्य केले.

रयत शिक्षण संस्थेची पारंबीही येथवर पोहोचली. पंढरपूरचे महाविद्यालय कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाने चालते. सोलापूर शहरात मुलींसाठी असलेल्या महाविद्यालयाला लक्ष्मीबाई भाऊराव पाटील यांचे नाव देण्यात आले आहे. जिने दुसऱ्यांच्या मुलांसाठी मंगळसूत्र उतरविले, तिच्या नावाच्या वास्तूत आज आपल्या जिल्ह्यातील मुली पदवी घेतात. याहून योग्य स्मारक क्वचितच सापडेल.

आपल्यासाठी

आज परिस्थिती बदलली आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षे वयाच्या प्रत्येक बालकाचा आठवीपर्यंतच्या मोफत शिक्षणाचा हक्क कायद्याने मान्य केला आहे. महाराष्ट्राच्या नियमांनुसार प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आणि सहावी ते आठवीचे वर्ग तीन किलोमीटरच्या आत असावेत, अशी अपेक्षा आहे. ग्रामीण भागातील मुलींना शाळेत जाण्यासाठी एस.टी.चा मोफत प्रवास मिळतो. हे सारे मोलाचे आहे. तरीही नकाशावरील तीन किलोमीटर आणि पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलेले असताना दहा-अकरा वर्षांच्या मुलीने पायी चालायचे तीन किलोमीटर, यांत फरक आहे. तोडणीला गेलेल्या कुटुंबातील मुलाचे नाव पटावर असते, मूल मात्र उसाच्या फडावर असते. कायद्याने शाळेचे दार उघडले आहे. मुलाला त्या दारापर्यंत पोहोचविणे हे अजूनही माणसांचेच काम आहे.

भाऊरावांनी हे काम सुरू केले तेव्हा त्यांच्याजवळ पदवी, पैसा अथवा सत्ता नव्हती. रस्त्यात भेटलेला एक मुलगा त्यांनी घरी आणला आणि त्याची भाकरी आपल्या घरच्या तव्यावर टाकली. तेथून पुढे सारे घडत गेले. आपल्याही ओळखीत, शेजारी किंवा मूळ गावी, यंदा चौथी उत्तीर्ण झालेले एखादे मूल असेल. ते जूनमध्ये पाचवीच्या वर्गात जाऊन बसले की नाही, एवढी चौकशी तरी आपण अवश्य करावी. बसले नसेल, तर त्याच्या वाटेत नेमके काय आडवे आले हे विचारावे. कधी एखादी सायकल पुरेशी असते, कधी हंगामापुरते कोणाच्या घरी राहण्याची सोय, तर कधी आईवडिलांशी केलेल्या चार समजुतीच्या गोष्टी. कर्मवीरांच्या आणि लक्ष्मीबाईंच्या स्मृतीला याहून वेगळे अभिवादन लागणार नाही.